व्ह्यू फॅक्टरचा हिशेब : लॅम्बर्टपासून पुढे

एका पृष्ठभागातून बाहेर पडलेल्या उष्णताप्रारणाचा जेवढा अंश थेट दुसऱ्या पृष्ठभागावर पोचतो, तो त्या जोडीचा व्ह्यू फॅक्टर. पृष्ठभागाची तीव्रता सर्व दिशांना सारखी धरली, की तापमान आणि धातू हिशेबातून गळतात. उरते ती निव्वळ भूमिती. व्याख्या सोपी, पण आकडा काढणे जिकिरीचे. दोन्ही पृष्ठभागांवरच्या प्रत्येक बिंदूजोडीसाठी दोन कोनांचे कोसाइन आणि अंतराचा वर्ग घेऊन चौपदरी समाकलन करावे लागते.

या भूमितीचा पाया योहान हाइनरिख लॅम्बर्ट यांच्या १७६० सालच्या ‘फोटोमेट्रिया’त आहे. विषय प्रकाशाचा होता. कोसाइनचा नियम तर त्यात आहेच, शिवाय बहुभुजाकृती पृष्ठभागामुळे एका बिंदूवर किती प्रकाश पडेल याचे सूत्रही आहे. दोन अख्ख्या बहुभुजांचा प्रश्न मात्र सुटला नाही. श्टेफान (१८७९) आणि बोल्ट्झमान (१८८४) यांनी तापमानाच्या चौथ्या घाताचा नियम दिल्यावर अभियंत्यांनाही या प्रश्नाच्या उत्तराची निकड भासू लागली.

१९२८ साली विल्हेल्म नुसेल्ट यांनी समाकलन चित्रावर आणले. बिंदूभोवती एकक त्रिज्येचा अर्धगोल कल्पायचा, समोरच्या पृष्ठभागाचा ठसा त्यावर घ्यायचा आणि तो ठसा सरळ खाली तळाच्या वर्तुळावर उतरवायचा. ठशाने वर्तुळाचा जेवढा हिस्सा व्यापला, तेवढा त्या बिंदूपुरता व्ह्यू फॅक्टर. १९३५ मध्ये एर्न्स्ट एकर्ट यांनी हेच छायाचित्राने साधले. दुधी काचेच्या अर्धगोलाच्या केंद्रात छोटा दिवा ठेवायचा, प्रतिकृतीची सावली काचेवर पाडायची, दुरून फोटो घ्यायचा आणि सावलीचे क्षेत्र मोजायचे. आकडेमोड जवळपास नाहीच.

एमआयटीतील हॉयट हॉटल यांची दोऱ्यांची पद्धत याहून सुटसुटीत. एका दिशेने खूप लांब असलेल्या पृष्ठभागांचा आडवा छेद घ्यायचा आणि टोकांमध्ये दोऱ्या ताणायच्या. एकमेकींना छेदणाऱ्या दोऱ्यांच्या लांबीतून न छेदणाऱ्यांची लांबी वजा करून पहिल्या पृष्ठभागाच्या दुप्पट रुंदीने भागले, की काम झाले. रुंदीइतक्याच अंतरावरच्या दोन समांतर पट्ट्यांसाठी उत्तर येते ०.४१४. मध्ये अडथळा असला तर दोरी त्याला वळसा घालते, आणि या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

त्रिमितीत ही सोय नाही. तिथे १९५२ पासून हॅमिल्टन आणि मॉर्गन यांनी अमेरिकेच्या ‘नाका’ (NACA) या विमानविद्या संशोधन संस्थेसाठी केलेले तक्ते हाताशी आले. एकमेकांना जोडलेल्या आयतांच्या काही आकड्यांतील चुका १९६६ मध्ये फाइनगोल्ड यांनी दाखवल्या. बंदिस्त जागेत एका पृष्ठभागाचे सर्व व्ह्यू फॅक्टर मिळून १ व्हायलाच हवेत, ही अशा तपासणीची कसोटी. घनाकृती पोकळीत समोरच्या भिंतीचा आकडा ०.१९९८ आणि शेजारच्या चारही भिंतींचा प्रत्येकी ०.२०००४, बेरीज जुळते. समोरची भिंत पूर्ण तोंडासमोर असूनही तिचा वाटा शेजारणींपेक्षा किंचित कमी, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकवतेच.

१९६३ मध्ये स्पॅरो यांनी क्षेत्रांवरचे समाकलन कडांवर आणले, त्यामुळे चारऐवजी दोनच पदर उरले. पुढच्याच वर्षी हॉवेल आणि पर्लमटर यांनी प्रारणाच्या गणितात मॉंटे कार्लो पद्धत आणली : यादृच्छिक दिशांना किरण सोडायचे आणि किती कुठे आदळले ते मोजायचे. आकार कितीही वेडावाकडा चालतो. मात्र चूक निम्म्यावर आणायला चौपट किरण लागतात.

पुढची उडी संगणकचित्रांच्या क्षेत्रातून आली. कॉर्नेल विद्यापीठात १९८४ मध्ये उष्णतेचे हे गणित खोलीतला प्रकाश रंगवण्यासाठी घेतले गेले. १९८५ मध्ये कोहेन आणि ग्रीनबर्ग यांनी नुसेल्टच्या अर्धगोलाऐवजी जाळीचा अर्धघन वापरला. प्रत्येक चौकटीतून सर्वांत जवळचा पृष्ठभाग कोणता, एवढेच पाहायचे. आडोसा आपोआप हिशेबात येतो. जाळी भरड असली तर उत्तरही भरडच.

लॅम्बर्टपासून अडलेल्या दोन बहुभुजांच्या प्रश्नाचे बंदिस्त सूत्र श्रोडर आणि हॅनराहन यांनी १९९३ मध्ये दिले. ते लांबलचक आहे आणि मध्ये काहीच आड येत नसेल तेव्हाच लागू पडते. भट्टी असो वा उपग्रह, तिथे काही ना काही आड येतेच. म्हणून प्रत्यक्ष कामात कडांवरचे संख्यात्मक समाकलन, सावलीची तपासणी आणि किरणांची मोजदादच चालते.