नाशिकची थंडी आणि सायकलची चेन

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा ५ अंशांखालीही उतरतो. तरी नाशिकचे सायकलस्वार भल्या पहाटे गंगापूर धरणाकडे निघतातच. याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली होती. सायकलवेड इथे चांगलंच मुरलंय!

थंडीत हातमोजे आठवतात, चेन मात्र विसरली जाते.

‘चेन ताणली गेली’ असं सगळेच म्हणतात, पण पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे सांधे. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि शंभरावर सांध्यांची बेरीज होऊन चेन लांबते. युरोपात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ चेनला गंज चढवतं. आपल्याकडे तो त्रास नाही, पण दव आणि धूळ आहे. दाट तेलावर धूळ बसली की पॉलिश पेपरच तयार होतो. म्हणून कोरड्या हिवाळ्यात पातळ ड्राय ल्यूब किंवा मेण उत्तम. बाहेरचं जादा तेल मात्र पुसायलाच हवं.

झीज मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरतं. ते एक-षोडशांश इंचाने वाढलं की चेन बदलावी. अष्टमांशापर्यंत थांबलं तर बहुधा मागच्या चाकावरची महागडी दातेरी कॅसेटही बदलावी लागते.