सेंदाई विमानतळ

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य भागातील (तोहोकू विभागातील) सर्वांत मोठा विमानतळ. हा मियागी प्रांतात ३८° ०८' उ. व १४०° ५५' पू. येथे, सेंदाई शहराच्या दक्षिणेस सु. १४ किमी.वर असून त्याची भूमी नातोरी व इवानुमा या दोन नगरांच्या हद्दींत विभागलेली आहे. त्याच्या पूर्वेस पॅसिफिक महासागराचा किनारा सु. एक किमी.वर असून मधल्या पट्ट्यात तेइझान हा जुना कालवा व पाइन वृक्षांची लागवड आहे. सभोवार भातशेतीचे सपाट मैदान पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून विमानतळाची उंची दोन मीटरही भरत नाही. डोंगराळ जपानमध्ये लांब धावपट्टीस पुरेल अशी सलग सपाट जागा दुर्मिळ असल्याने हे मैदान विमानतळास सोयीचे ठरले. परंतु त्याच सखलपणामुळे ११ मार्च २०११ रोजी समुद्र येथे शिरला. या विमानतळाचा अलीकडचा इतिहास मुख्यतः या घटनेभोवती व तिच्यानंतरच्या उभारणीभोवती फिरतो.

इतिहास : १९४० मध्ये जपानच्या शाही भूसेनेने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी येथे विमानक्षेत्र तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेले व १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास जपानकडे परत आले. १९५७ मध्ये येथून टोकिओशी नागरी वाहतूक सुरू झाली आणि १९६४ मध्ये ‘सेंदाई विमानतळ’ हे नाव रूढ झाले. आरंभीची १,२०० मी. लांबीची धावपट्टी पंख्यांच्या विमानांपुरतीच होती. १९७२ मध्ये २,००० मी. लांबीची दुसरी धावपट्टी वापरात आल्यावर जेट विमाने उतरू शकली. ही धावपट्टी १९९२ मध्ये २,५०० मी. व १९९८ मध्ये ३,००० मी. करण्यात आली. १९९० मध्ये सोलशी नियमित आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. प्रवाशांसाठी बांधलेली काचेच्या दर्शनी भागाची नवी इमारत १९९७ मध्ये पूर्ण झाली.

मध्यंतरी विमानतळास एका वेगळ्याच स्पर्धेला तोंड द्यावे लागले. १९८२ मध्ये तोहोकू शिंकान्सेन हा जलद लोहमार्ग सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्याच्या गाड्या टोकिओतील उएनो स्थानकापर्यंत जाऊ लागल्या. शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोहोचविणाऱ्या या गाडीपुढे विमान टिकू शकले नाही आणि ज्या मार्गापासून विमानतळाच्या नागरी वाहतुकीचा आरंभ झाला होता, तोच टोकिओ मार्ग बंद पडला. तेव्हापासून सेंदाईची आंतरदेशीय वाहतूक रेल्वेने दूर पडणाऱ्या साप्पोरो, ओसाका, नागोया, फुकुओका, नाहा अशा शहरांवर अवलंबून आहे. मात्र पुढे रेल्वेच विमानतळाच्या मदतीस आली. १८ मार्च २००७ रोजी नातोरी ते विमानतळ हा ७·१ किमी. लांबीचा लोहमार्ग सुरू होऊन सेंदाई स्थानकापासून विमानतळावर सु. वीस मिनिटांत पोहोचता येऊ लागले. या मार्गाचा काही भाग विमानतळाखालील बोगद्यातून जातो.

२०११ ची आपत्ती : ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी होन्शूच्या पूर्वेस सागरतळाशी ९·० महत्तेचा भूकंप झाला. त्याने विमानतळाची फारशी हानी झाली नाही. सु. सत्तर मिनिटांनंतर त्सुनामीची लाट कालवा ओलांडून धावपट्टीवर आली. या सत्तर मिनिटांत प्रवासी, कर्मचारी व आसपासचे रहिवासी मिळून हजाराहून अधिक लोक इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गेले होते. त्यामुळे तेथे आश्रय घेतलेले लोक बचावले. तळमजल्यावर पाणी ३·०२ मी. उंचीपर्यंत चढले. ही उंची दाखविणारी खूण इमारतीच्या खांबावर पुढे जपून ठेवण्यात आली आहे. त्या वेळी विमानतळावर प्रवासी कंपन्यांचे एकही विमान उभे नव्हते, हा निव्वळ योगायोग. तथापि तटरक्षक दल, वृत्तसंस्था व नागरी उड्डाण महाविद्यालयाची सेंदाई शाखा यांची साठाहून अधिक लहान विमाने व हेलिकॉप्टरे वाहून गेली किंवा निकामी झाली. इमारतीभोवती मोटारी, घरांचे अवशेष, उन्मळलेली पाइनची झाडे व चिखल यांचे ढीग साचले. विद्युत् पुरवठा, रडार, उपकरणांच्या साहाय्याने विमान उतरविण्याची यंत्रणा व लोहमार्गाचा बोगदा हे सर्व पाण्याखाली गेले.

या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी पूर्वी आली नव्हती असे नाही. इ.स. ८६९ मधील जोगान भूकंपाची नोंद जुन्या राजवृत्तांतात आहे आणि त्या वेळी सागराने आत आणून टाकलेल्या वाळूचा थर सेंदाईच्या मैदानात किनाऱ्यापासून बराच आत भूवैज्ञानिकांना २०११ पूर्वीच आढळला होता. परंतु संरक्षणाच्या योजना साधारणतः तीस-चाळीस वर्षांनी होणाऱ्या, त्यामानाने लहान अशा मियागी किनाऱ्यालगतच्या भूकंपांवर बेतलेल्या होत्या. हजार वर्षांतून एखादे वेळी येणाऱ्या संकटासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न त्यापूर्वी फारसा विचारात घेतला गेला नव्हता, असे म्हणावे लागते.

भूकंपाविरुद्धची तयारी मात्र उपयोगी पडली. पाण्याने संपृक्त झालेली वाळू भूकंपाच्या हादऱ्यांनी द्रवासारखी वागू लागते व तिच्यावरील बांधकाम खचते. हा धोका ओळखून धावपट्टीखालून रस्ते व इतर बांधकामे जातात त्या भागांतील जमीन अगोदरच घट्ट करून घेण्यात आली होती. ते भाग जवळजवळ अभंग राहिले. धावपट्टी मोडली नाही, केवळ गाळाखाली गाडली गेली होती. यामुळेच पुढचे काम शक्य झाले. जपानी बांधकाम कामगार, स्वसंरक्षण दले व अमेरिकी सैन्य यांनी मिळून राडारोडा हलविला आणि १६ मार्च रोजी, म्हणजे पाचव्याच दिवशी, सु. अर्ध्या धावपट्टीवर मदतसामग्री आणणारी लष्करी वाहतूक विमाने उतरू लागली. किनाऱ्यालगतची बंदरे, रस्ते व लोहमार्ग निकामी झालेले असताना अन्न, पाणी व इंधन पोहोचविण्याचे हे एक प्रमुख द्वार ठरले.

प्रवासी वाहतूक १३ एप्रिल २०११ रोजी पुन्हा सुरू झाली. पहिली उड्डाणे टोकिओच्या हानेदा विमानतळावरून आली. शिंकान्सेन अद्याप खंडित असल्याने पंचवीसएक वर्षांपूर्वी बंद पडलेला मार्ग काही काळापुरता पुन्हा जिवंत झाला. प्रवाशांची इमारत २५ सप्टेंबर रोजी पूर्णपणे खुली झाली व विमानतळाचा लोहमार्ग १ ऑक्टोबर रोजी पूर्ववत् झाला. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये खोदकाम चालू असता महायुद्धकाळातील २५० किग्रॅ. वजनाचा न फुटलेला अमेरिकी बाँब जमिनीत सापडला आणि विमानतळावरील उड्डाणे रद्द करावी लागली.

व्यवस्थापन : जपानच्या अनेक प्रादेशिक विमानतळांवर दुहेरी कारभाराची पद्धत होती. धावपट्टी शासनाची व प्रवासी इमारत दुसऱ्या कंपनीची. विमान उतरविण्याचे शुल्क केंद्रीय निधीत जमा होई, तर दुकाने व जागाभाडे यांचे उत्पन्न इमारतीच्या कंपनीस मिळे. परिणामी इमारतीतील नफ्याच्या आधाराने उतरणावळ कमी करून नव्या विमान कंपन्यांना आकर्षित करणे स्थानिक व्यवस्थापनास शक्य नव्हते. २०१३ मधील कायद्याने, जमिनीची मालकी शासनाकडेच ठेवून चालविण्याचा हक्क खाजगी कंपनीस देण्याची तरतूद झाली. तिचा उपयोग करणारा शासकीय विमानतळांतील पहिला विमानतळ म्हणजे सेंदाई. टोक्यू उद्योगसमूहाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीने १ जुलै २०१६ पासून तीस वर्षांच्या कराराने संपूर्ण कारभार हाती घेतला. उतरण्याचे शुल्क प्रवाशांच्या संख्येशी निगडित करण्यात आले. त्यामुळे नवा मार्ग सुरू करून पाहणाऱ्या कंपनीचा धोका काही अंशी विमानतळही उचलतो. २०१७ मध्ये स्वस्त दराच्या पीच या कंपनीने सेंदाई येथे आपले तळठाणे केले. २०१५ मध्ये सु. ३१ लाख असलेली वार्षिक प्रवासीसंख्या २०१९ मध्ये सु. ३७ लाख झाली. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे ती एक-तृतीयांशावर घसरली व नंतर सावरत गेली. कंपनीने २०४४ पर्यंत ५५ लाखांचे उद्दिष्ट ठेवले होते. घटत्या लोकसंख्येच्या तोहोकूत ते मुख्यतः परदेशी पर्यटकांवरच अवलंबून राहील.

दैनंदिन वाहतूक : मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने हिवाळ्यातील पश्चिमेकडचे जोरदार वारे विमानांना फारसे आडवे येत नाहीत. उपकरणांच्या साहाय्याने उतरणारी विमाने सामान्यतः समुद्राकडून येतात. उन्हाळ्याच्या आरंभी ‘यामासे’ नावाचा थंड व दमट ईशान्य वारा धुके व खालचे ढग घेऊन येतो. जुनी १,२०० मी. लांबीची धावपट्टी लहान विमानांकडे राहिली असून प्रशिक्षणाचे काम आपत्तीनंतर पुन्हा सुरू झाले आहे. विमानतळ पूर्वी सकाळी साडेसात ते रात्री साडेनऊपर्यंत चालू असे. तो चोवीस तास चालविण्यास दोन्ही नगरांची संमती आवश्यक होती. आवाजाच्या प्रश्नावर दीर्घकाळ वाटाघाटी झाल्या व २०२१ मध्ये ती मिळाली. त्सुनामीनंतर किनाऱ्यावरील तटबंदी नव्याने उंच बांधण्यात आली आणि लगतच्या वस्त्या आतल्या भागात हलविण्यात आल्या. विमानतळ मात्र मूळ जागीच आहे.