दोन राउटरांमधलं सबनेट

संगणकावर ट्रेसराउट चालवलं की लांबच्या सर्व्हरपर्यंतची वाट ओळीओळीने उमटत जाते. त्यातले बरेचसे पत्ते सर्व्हरचे नसतात, कुणाच्या फोनचेही नसतात. दोन राउटरांना जोडणाऱ्या लिंकच्या टोकांना दिलेले ते पत्ते असतात. तिथे कुणी वस्तीला नाही. सगळी जा-ये मात्र तिथूनच. या एवढ्याशा सबनेटवर नेटवर्क इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं जो विचार केला, तो मला फार मोलाचा वाटतो.

मुंबईच्या ऑफिसात १९२.१६८.१.०/२४ आहे, नाशिकच्या शाखेत १९२.१६८.२.०/२४. दोन्हीकडे एकेक राउटर, मध्ये एक लिंक. या लिंकला तिसरं सबनेट लागतं, आणि नवशिके नेमके इथे अडतात. त्यांच्या लेखी ती नुसती तार असते. पण राउटरचे इंटरफेस वेगवेगळ्या नेटवर्कमध्येच असावे लागतात. एकाच सबनेटमधले पत्ते दोन इंटरफेसना द्यायला गेलात तर बहुतेक राउटर ते घेतच नाहीत. शिवाय नाशिकचा रस्ता लिहिताना पुढचा हॉप म्हणून जो पत्ता द्यायचा, तो मुंबईच्या राउटरला थेट जोडलेल्या सबनेटमधला हवा. तारेला स्वतःचं नेटवर्क हवं ते यासाठी.

मग ते केवढं असावं? सबनेटची रीत जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये आरएफसी ९५० या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात घालून दिली. पण आरआयपी या रूटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती रस्ता कळवताना सबनेटचं माप सांगणारा मास्क कळवत नसे, त्यामुळे एका नेटवर्कचे तुकडे सारख्याच मापाचे पाडावे लागत. दोनशे मशीनच्या ऑफिसला /२४, तर दोन टोकांच्या तारेलाही /२४. तारेवरचे २५२ पत्ते वाया. ओएसपीएफसारखे प्रोटोकॉल रस्त्याबरोबर मास्कही पाठवू लागले, तेव्हा प्रत्येक तुकड्याला गरजेचं माप देता आलं आणि लिंकसाठी /३० रूढ झालं.

/३० म्हणजे चार पत्ते. १०.०.०.० हा नेटवर्कचा, १०.०.०.३ ब्रॉडकास्टचा, मधले .१ आणि .२ दोन राउटरांचे. पुढचं सबनेट .४ पासून, त्यापुढचं .८ पासून. एका टोकाला .२ आणि दुसऱ्याला .५ दिलं, तर केबल ठीक, दिवे हिरवे, आणि पिंग मात्र जात नाही, कारण .५ पुढच्या सबनेटमधला. ही चूक निदान लगेच कळते. मास्क दोन टोकांना वेगळे पडले, एकीकडे /३० आणि दुसरीकडे /२४, तर पिंग व्यवस्थित चालतं. इथरनेटवर ओएसपीएफ मास्क जुळत नाही म्हणून शेजारी जोडायला नकार देतो. पॉइंट-टू-पॉइंट प्रकारच्या लिंकवर तो मास्क तपासतच नाही. मग ती चूक तशीच दबा धरून बसते, आणि भलत्याच दिवशी भलत्याच पॅकेटची वाट चुकते.

चारातले दोन पत्ते तरीही वायाच होते. दोन शेतांमधला बांध शेतकरी वर्षावर्षाला कोरत नेतो, तसं हे माप कोरणं चालू राहिलं. डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ आला. लिंकवर दोघंच असतील तर ब्रॉडकास्ट करायचा कुणाला? तो पत्ताही राउटरला द्या, नेटवर्कचाही द्या. झालं /३१. पाचशे लिंकना दोन हजारांऐवजी हजार पत्ते पुरले. शिवाय बाहेरून त्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर मारा करण्याची सोयही संपली, कारण तसा पत्ताच उरला नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयानाच्या साठ्यातले आयपीव्ही४ चे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. ही काटकसर किती रास्त होती ते तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

आयपीव्ही६ मध्ये काटकसरीचं कारणच उरलं नाही. एका /६४ मध्ये १८ अब्ज अब्जांहून जास्त पत्ते. खुशाल द्यावं लिंकला! पण त्यातून नवी दुखणी निघाली. काही लिंकवर, कुणाचाच नसलेल्या पत्त्यासाठी आलेलं पॅकेट दोन राउटर एकमेकांकडे टोलवत राहायचे, हॉपची मर्यादा संपेपर्यंत. इथरनेटवर असे असंख्य रिकामे पत्ते कुणी मुद्दाम हुडकू लागलं, की राउटरचं शेजाऱ्यांचं टेबल भरून जायचं. २००३ मध्ये एका आरएफसीने राउटरांमध्ये /१२७ वापरणं घातक म्हटलं होतं. एप्रिल २०११ मध्ये आरएफसी ६१६४ ने तेच /१२७ वापरायला सांगितलं. पुन्हा दोनच पत्ते, पण आता सुरक्षिततेसाठी. जाणती मंडळी प्रत्येक लिंकसाठी अख्खं /६४ राखून ठेवतात आणि राउटरवर त्यातलं /१२७ लावतात. ही रीत मला पटते. कागदावरचा आराखडा सुटसुटीत राहतो, आणि राउटरवर उघडी जागा राहत नाही.

याहून पुढे जाऊन लिंकला जागतिक पत्ता देऊच नये, लिंक-लोकल पत्त्यावरच भागवावं, असाही विचार आहे. त्याने कॉन्फिगरेशन हलकं होतं आणि बाहेरून माऱ्याला निशाण राहत नाही. मी तरी लिंकला तिचा पत्ता देण्याच्याच बाजूचा. दोन राउटरांमध्ये चार समांतर लिंक असतील आणि त्यातली एकच पॅकेट गाळत असेल, तर नेमक्या त्या लिंकला दुरून पिंग करता आलं पाहिजे.