फ्रँक, फरासीस आणि फिरंगी

फ्रेंच लोकांविषयीच्या तिटकाऱ्याला इंग्रजीत ‘फ्रँकोफोबिया’ म्हणतात. या शब्दाचा उत्तरार्ध ‘फोबोस’ म्हणजे भय या ग्रीक शब्दावरून आला आहे. पूर्वार्धात ‘फ्रँक’ या जर्मानिक जमातीचे नाव आहे. फ्रान्स हे देशनामही तिच्यावरूनच पडले.

हेच नाव पूर्वेकडेही आले. अरबांनी पश्चिम युरोपातील ख्रिस्ती लोकांना सरसकट ‘इफ्रंज’ म्हटले. फारसीत त्याचे ‘फरंग’ झाले आणि मराठीत ‘फिरंगी’ हा शब्द रुळला. मराठी कागदपत्रांत मात्र फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. फ्रेंचांना ‘फरासीस’ असे निराळे नाव होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही फिरंगी, इंग्रज आणि फरासीस यांचा निरनिराळा उल्लेख आहे.

पुढे नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि त्यांच्या ताब्यातील रायपूर कंपनी सरकारच्या प्रत्यक्ष अंमलाखाली गेले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी तेथेच फाशी देण्यात आली. उठावाच्या त्या काळात हिंदुस्थानी बोलीत ‘फिरंगी’ म्हणजे इंग्रज, असाच अर्थ होता. ज्या इंग्रजांनी फ्रेंचांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर केले, त्यांच्याच माथी अशा रीतीने फ्रँकांचे नाव आले. शब्दाचे मूळ कोणते, हे पीडित माणूस पाहत नाही. समोर जो सत्ताधारी उभा असेल, त्यालाच तो हाती असलेले नाव देतो.