बाद झालो, हे आपणहून सांगणे



मागे एका मंडळीत कामाची माहिती द्यायला गेलो होतो. उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "वह्या, चादरी, औषधे यांसाठी आम्ही देणगी देतो ते समजते. पण कबड्डीच्या मॅटसाठी आणि बुटांसाठी कशाला? पाड्यावरची पोरे तशीही दिवसभर पळतच असतात." प्रश्न प्रामाणिक होता. "खेळाने मुलांमध्ये खिलाडूवृत्ती येते," असे ठरावीक उत्तर देऊन मी निघालो. परतीच्या एसटीत मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. खिलाडूवृत्ती म्हणजे नेमके काय आणि मुले मोठी झाल्यावर ती कुठे कामाला येते, हे मी सांगितलेच नव्हते. ते आज सांगतो.

आमचे काम नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात चालते. कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाची ही वस्ती. इथल्या मुलांना पळायला कोणी शिकवावे लागत नाही, हे त्या बंधूंचे म्हणणे खरेच आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरांतून पुढे आली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधील आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत तिला रौप्य मिळाले. सुवर्णपदक मिळवणारी प्रीजा श्रीधरनही भारताचीच होती आणि दोघींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते. ती हरली, असे आमच्या पाड्यांवर कोणी म्हणत नाही. पाय मुलांकडे आहेतच. नियम पाळून जिंकणे आणि मान ताठ ठेवून हरणे मात्र शिकावे लागते.

एक सामना

कबड्डीत चढाई करणाऱ्याला तीस सेकंद मिळतात. समोर सात जण असतात. पायाच्या अंगठ्याला नुसते बोट लागले तरी गडी बाद होतो. सात जणांच्या गर्दीत तो स्पर्श पंचांना दरवेळी दिसेलच असे नाही. ज्याने हात लावला आणि ज्याला हात लागला, त्या दोघांना मात्र तो कळलेला असतो. म्हणून हा खेळ पंचांइतकाच या दोघांच्या खरेपणावरही चालतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसतिगृहातील मुलींचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात एका गुणाने पुढे होता. शेवटची चढाई समोरच्या संघाची होती. त्यांची मुलगी आमच्या कोपऱ्यापर्यंत आली, हात लांबवला आणि परत फिरली. "लागला, लागला," ती म्हणू लागली. पंचांनी मान हलवून नकार दिला. आमच्या मुलींनी उड्या मारायला सुरुवात केली. तेवढ्यात आमच्या कोपऱ्यातल्या मुलीने हात वर केला आणि "मला हात लागला," म्हणत ती मैदानाबाहेर जाऊन उभी राहिली.

गुण समान झाले. मग दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळाल्या आणि त्यात आम्ही हरलो.

मी तिला शाबासकी दिली असेन, असे आपणांस वाटेल. मी तिच्यावर ओरडलो. "पंचांनी दिला नव्हता ना? मग तुला कोणी सांगितले होते?" जीपमध्ये कोणी बोलत नव्हते. घाट चढताना ती मागून हळूच म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना, बाद झालं की आपणहून बाहेर जायचं?"

सांगितले होते. जून महिन्यात, सरावाच्या वेळी, जेव्हा हातातून काही जाणार नव्हते. चषक समोर दिसल्यावर मीच ते विसरलो. खेळ आपोआप चांगुलपणा शिकवतो असे मानणे चूक आहे, हे मला त्या दिवशी कळले. मैदानाच्या कडेला उभी असलेली मोठी माणसे काय करतात, ते मुले पाहत असतात. लबाडीही त्याच मैदानावर शिकता येते.

मैदानातून गावात

मोठेपणी हे धडे कुठे लागू होतात, त्याची तीन उदाहरणे देतो.

पहिले, निर्णय मान्य करणे. याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसणे असा नाही. आदिवासी माणसाला "जाऊ द्या" म्हणायला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे आणि त्याला खिलाडूवृत्ती म्हणता येणार नाही. खेळाडू पंचांना शिवी देत नाही, पण त्याचा कर्णधार नियमाप्रमाणे दाद मागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेला जमिनीचा दावा उपविभागीय समितीने नाकारला, तर साठ दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. दावा फेटाळल्याचे कळल्यावर एक जण कचेरीत जाऊन भांडतो, दुसरा कागद पेटीत टाकून गप्प बसतो. तिसरा निर्णयाची प्रत मागतो, तारीख लिहून ठेवतो आणि मुदतीत अर्ज देतो. मैदानावर वाढलेल्या मुलाने हा तिसरा माणूस व्हावे, एवढीच आमची धडपड आहे.

दुसरे, वेळेवर खो देणे. खो-खोमध्ये पाठलाग करणारा दमला किंवा पळणारा गडी दुसऱ्या बाजूला गेला, की तो बसलेल्या सोबत्याला खो देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. कितीही चपळ असला तरी एकट्याने सगळे गडी बाद करायला गेला तर संघ हरतो. आपल्याकडे मंडळीच्या पंच कमिटीत, बचत गटात, संस्थेत एकच माणूस वर्षानुवर्षे धावत राहतो आणि बाकीचे बसून राहतात. नव्या माणसाने उठायचे म्हटले की आपण त्याच्या कामात खो घालतो. खो घालणे सोपे असते. खो देऊन त्याच्या जागी खाली बसणे अवघड जाते, आणि हे मी स्वतःकडे पाहूनही लिहीत आहे.

तिसरे, बाद झालेल्याला परत आणणे. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण जिवंत होऊन आत येतो. स्वतःच्या जोरावर तो येऊ शकत नाही, सोबत्यांनी खेळत राहावे लागते. दहावीत नापास झालेला मुलगा, दारू सोडून पुन्हा घसरलेला बाप, लवकर लग्न होऊन शाळा सुटलेली मुलगी, हे सगळे रेषेबाहेर बसलेले आपलेच गडी आहेत. मुलांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. विसर मोठ्यांना पडतो.

धर्मशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना मला एका गोष्टीचे नवल वाटले होते. पौल प्रेषिताने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीचा आणि मुकुटाचा दाखला घेतला, कारण ते लोक खेळ जाणत होते. करिंथजवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. थोड्याच दिवसांत तो सुकून जाई. पौलाने खेळाला हलके लेखले नाही. ज्या मुकुटासाठी धावायचे तो न सुकणारा असावा, एवढेच त्याने सांगितले.

जिथे पंच नसतो

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गोष्टीकडे येतो.

दिवाळीनंतर आमच्या भागातील कुटुंबे द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात आणि मुलेही बरोबर जातात. काही वर्षांपूर्वी आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात ऑगस्टमध्ये ४६ मुले होती, जानेवारीत २९ उरली. आपणांकडे पाठवायचा अहवाल मी जानेवारीतच लिहिला आणि मुलांच्या संख्येच्या रकान्यात ४६ लिहिले. आकडा अगदीच खोटा नव्हता, पटावर तेवढी नावे होतीच. तपासायलाही कोणी येणार नव्हते. अहवाल छापून गेला आणि कोणी काही विचारले नाही.

मला मात्र जीपमधला तो प्रश्न आठवत राहिला. पंचांनी पाहिले नव्हते, पण हात लागला होता. दोन महिने मी चालढकल केली. शेवटी समितीपुढे सांगितले आणि देणगीदारांना दुरुस्तीचे पत्र पाठवले.

याचा परिणाम सगळा गोड झाला, असे सांगणार नाही. एका ठिकाणाहून येणारी मदत थांबली, ती अजून सुरू झालेली नाही. पण एका भगिनीने पत्र पाहून फोन केला आणि विचारले, "मग ती १७ मुले आहेत कुठे?" इतकी वर्षे हा प्रश्न आम्हीच स्वतःला नीट विचारला नव्हता. ४६ या आकड्याखाली ती मुले झाकली गेली होती. आता आम्ही दिवाळीपूर्वी घरोघर जाऊन कोणते कुटुंब कोणत्या गावी जाणार ते लिहून घेतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावतो, म्हणजे त्या गावच्या शाळेत बसता येते. पहिल्या वर्षी सहाच मुले तिकडच्या शाळेत गेली. बाकीची बागेतच राहिली. काम अपुरे आहे, पण आकडा खरा आहे.

त्या वडीलधाऱ्या बंधूंना माझे उत्तर आता असे आहे: मॅट आणि बूट यांचा खर्च पदकांसाठी नाही. ज्या ठिकाणी पंच पाहत नसतो, तिथे हात वर करण्याची सवय लहानपणी, थोड्याशा नुकसानीत लावता येते. पुढे ती लावायची तर फार महागात पडते, हे मी अनुभवाने सांगतो.

ती मुलगी आता तिच्या पाड्यावरील महिला बचत गटाची वही सांभाळते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या घरी गेलो आणि त्या दिवशी ओरडल्याबद्दल तिची माफी मागितली. ती हसली, "दादा, किती उशिरा हात वर केला," म्हणाली आणि नागलीची भाकर वाढायला उठली.

आपल्या प्रार्थनेत या मुलांची आणि त्यांना खेळवणाऱ्या आम्हां मोठ्यांची आठवण ठेवा. आमच्या अहवालात एखादा आकडा खटकला, तर जरूर विचारा.

आपला प्रभूमधील बंधू