ताणलेला टायर आणि चार पोस्टकार्डे

अंधेरीच्या लिंक रोडवर किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर एखादी सजवलेली मोटार तुमच्या शेजारून गेली असेल. रंग झगझगीत, बैठक जमिनीला टेकेल इतकी खाली आणि चाके चांदीसारखी चकाकणारी! अशा गाडीचा टायर नीट पाहा. कधी कधी तो चाकाच्या मानाने अगदी अरुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजू चाकाच्या कडेपासून आत झुकलेल्या दिसतात. लहान भावाचा सदरा मोठ्या भावाने ओढूनताणून अंगात घालावा, तसा हा प्रकार. हौशी मंडळी याला ‘स्ट्रेच’ म्हणतात. आपण ‘ताणलेला टायर’ म्हणू.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या दादालाही आपल्या गाडीला असे टायर बसवावेसे वाटत असतील. गाडी छान दिसेल हे खरे. पण ती सुरक्षित राहील का? याचे उत्तर शोधायला गॅरेजमध्ये जायलाच हवे असे नाही. शाळेतले अंकगणित, थोडी भूमिती आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते.

गाडी कोण पेलते?

टायर रबराचा असतो, म्हणून गाडी रबरावर उभी आहे असे आपल्याला वाटते. खरे पाहता तिचा बहुतेक भार पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉम्सन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तशीच युक्ती नव्याने शोधली आणि मग जगभर हवेचे टायर आले.

आता एक ढोबळ हिशेब करू. छोटी मोटार आणि आतली चार माणसे मिळून वजन १२०० किलोग्रॅम धरा. म्हणजे प्रत्येक टायरवर ३०० किलोग्रॅम. पेट्रोल पंपावर आपण ३३ पौंड हवा भरली, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम होतो. ३०० ला २.३ ने भागा. उत्तर येते सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. टायर जमिनीला टेकतो तो एवढ्याच जागेत! टपालाचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे आख्खी गाडी, आतल्या माणसांसह, चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर तोललेली असते. ब्रेक लागतो तो याच जागेत आणि वळणही तिथेच साधते.

टायरच्या अंगावरचे आकडे

टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. समजा, ते १८५/६५ आर १५ असे आहेत. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल. या टायरमधले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले असतात. शेवटचे १५ म्हणजे चाकाचा व्यास, इंचांत.

बाजूची उंची झाली १८५ × ०.६५, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. ती वर एकदा आणि खाली एकदा येते. दोन्ही मिळून २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६२१.५. हा संपूर्ण चाकाचा व्यास झाला.

मारुती स्विफ्ट गाडीच्या काही प्रकारांना हेच माप असते, तर काहींना १६५/८० आर १४. या दुसऱ्या मापाचा हिशेब तुम्ही करा. उत्तर ६१९.६ यायला हवे. चाक एक इंचाने बदलले, टायर रुंद झाला, पण एकूण व्यासात दोन मिलिमीटरांचाही फरक पडला नाही! मोठे चाक बसवण्याची ही खरी रीत. चाक जेवढे वाढेल, तेवढी टायरची बाजू बुटकी करायची. १९५/५५ आर १६ हे माप घेतले तरी व्यास ६२०.९ येतो.

आता ताणलेल्या टायरसाठी घेतले जाणारे एक माप पाहू : १६५/४० आर १७. बाजूची उंची फक्त ६६ मिलिमीटर आणि व्यास ५६३.८. म्हणजे मूळ व्यासापेक्षा नऊ टक्क्यांहून थोडा जास्तच कमी! चाक लहान झाल्याने तेवढ्याच अंतरासाठी ते अधिक फेरे घेईल. वेगमापकाचा काटा ६० दाखवील तेव्हा खरा वेग सुमारे ५४ असेल आणि किलोमीटरचा आकडाही फुगत जाईल. शिवाय गाडीचे पोट २९ मिलिमीटर खाली येईल, ते वेगळेच.

कड सुटली तर?

भांडुपला सीएट कंपनीचा टायरचा कारखाना आहे. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली. तिची भारतीय शाखा १९५८ मध्ये स्थापन झाली. अशा कारखान्यात टायर घडताना त्याच्या दोन्ही आतल्या कडांत पोलादी तारांची कडी घालतात. गॅरेजवाले या कडेला ‘बीड’ म्हणतात. आतली हवा ही कड चाकाच्या ओठाशी सतत दाबून धरते. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हवा आत राहते ती या घट्ट बैठकीमुळेच.

म्हणूनच प्रत्येक टायरला किती रुंद चाक चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. १८५/६५ आर १५ या टायरला ५ ते साडेसहा इंच रुंदीचे चाक चालते. आपला १६५ मिलिमीटरचा टायर आठ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटर रुंद चाकावर चढवला तर काय होईल? दोन्ही कडा बाहेर ओढल्या जातील आणि बाजू तिरक्या होतील. एक बाजू साधारण २५ मिलिमीटर झुकली असे धरा. आता पायथागोरसला बोलवा! कर्ण ६६, पाया २५. तेव्हा उभी उंची येते सुमारे ६१.

अशा टायरमधली हवा थोडी कमी झाली आणि गाडी जोरात वळली, तर कड ओठापासून सुटून चाकाच्या मधल्या खोलगट भागात घसरू शकते. मग हवा क्षणार्धात निघून जाते. पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर असे घडले तर काय ओढवेल, हे सांगायला नको.

आणखी एक आकडा पाहायचा, तो मापापुढचा भारांक. भारांक ८८ असेल तर तो टायर ५६० किलोग्रॅम पेलू शकतो; ७२ असेल तर फक्त ३५५. आपल्या हिशेबात एका टायरवर ३०० आलेच होते. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकांवर सरकतो. मग शिल्लक किती उरली?

खड्डा आणि झेल

क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे नेता. चेंडू थांबायला जास्त अंतर मिळते, म्हणून हाताला मार कमी बसतो. थांबण्याचे अंतर निम्मे झाले, तर सरासरी बल दुप्पट होते. टायरची बाजू खड्ड्याचा धक्का अशीच झेलते. तिची उंची १२० वरून ६१ वर आणली, म्हणजे हात मागे न नेता झेल घेण्यासारखेच झाले!

उपनगरांत खड्डे, गतिरोधक आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांची वाण नाही. पावसाळ्यात पाणी साचले की खड्डा दिसतही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तेवढा पाऊस रोज पडत नाही. पण अंधेरीच्या भुयारी रस्त्यात पाणी भरायला त्याहून फार कमी पुरतो.

त्यात ही चकाकणारी चाके, म्हणजे लोकांच्या बोलीतली ‘मॅगव्हील’, बहुधा अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळून ओतलेली असतात. अ‍ॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश, हा त्याचा मोठा गुण. मात्र पोलादी चाकाला पोचा पडला तर ते पुष्कळदा ठोकून सरळ करता येते, ओतीव मिश्रधातूला तडा जाण्याची भीती असते. साधा टायर चाकाच्या ओठाबाहेर थोडा फुगलेला असतो, त्यामुळे फुटपाथचा दगड आधी रबराला लागतो. ताणलेल्या टायरमध्ये तो थेट चाकाला लागतो.

मग ही पद्धत निघाली तरी का? बुटकी, ताणलेली बाजू कमी डोलते, त्यामुळे गाडी सुकाणूच्या इशाऱ्याला चटकन वळते. जपान आणि जर्मनीतल्या हौशी लोकांनी ती उचलली. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर तिची हौस थोडीफार भागतेही. पण तिथेही कडेची बैठक आणि भारांक यांचे नियम बदलत नाहीत.

दादासाठी चार प्रश्न

पैसे मोजण्यापूर्वी दादाला चार गोष्टी तपासायला सांगा. नवा व्यास जुन्याएवढाच आहे ना? चाकाची रुंदी टायरच्या मर्यादेत आहे ना? भारांक मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना? आणि हे माप गाडीच्या निर्मात्याने पुस्तिकेत मान्य केले आहे ना? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही टायरच्या मापाविषयी आणि झिजेविषयी नियम आहेत. चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर ते टायर दुकानातच राहू द्यावेत.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा. मोठ्या माणसांकडून गाडी सावकाश ढकलवून घ्या. तुम्ही बाजूला उभे राहा. टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकेल तिथे दुसरी खूण करा आणि अंतर मोजा. मग टायरवरच्या आकड्यांवरून व्यास काढून त्याला ३.१४ ने गुणा. १८५/६५ आर १५ साठी गुणाकार सुमारे १९५ सेंटिमीटर येतो. मोजलेले अंतर मात्र थोडे कमीच भरेल. असे का? टायर जमिनीपाशी किंचित दबलेला असतो म्हणून. त्या दबलेल्या जागेतच आपले पोस्टकार्ड लपलेले आहे!