कुंडीतली आयरिस आणि हिवाळा : झोपलेला माल सांभाळायचा कसा?

नर्सरीच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर फुलांनी भरलेल्या कुंड्या येतात. पण फुलं वर्षातले काही आठवडे असतात. उरलेल्या महिन्यांत तुमचा पैसा मातीखाली झोपलेला असतो, आणि नर्सरी टिकते की बुडते हे त्या महिन्यांत ठरतं. व्हिडिओत हे घाईघाईत सांगितलं होतं, इथे नीट हिशेबासकट सांगतो. उदाहरण घेऊ आयरिसचं, कारण हे झाड हिवाळ्यात अक्षरशः मेल्यासारखं दिसतं.

आधी माल ओळखा

आयरिस हे थंड प्रदेशाचं झाड. काश्मीर, हिमाचल, युरोप, अमेरिकेचा थंड भाग, ही तिची ठिकाणं. श्रीनगरकडे वसंतात आयरिस फुलते. त्यामुळे पुढची माहिती मुख्यतः तिकडे नर्सरी करणाऱ्यांसाठी आहे, आणि आपले जे मराठी लोक थंड देशात राहून घराच्या मागे छोटी नर्सरी करायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. महाराष्ट्राचं शेवटी बोलू.

आयरिसचे बरेच प्रकार आहेत. कुंडीसाठी सगळ्यात चालणारी म्हणजे दाढीवाली, म्हणजे बिअर्डेड आयरिस. खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टी असते म्हणून हे नाव. तिचा कंद आल्या-हळदीसारखा आडवा वाढतो. आता धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. ज्या कंदाला एकदा फूल आलं, त्याला पुन्हा येत नाही. पण तो बाजूला नवीन कंद काढतो आणि पुढचं फूल त्यांना येतं. म्हणजे मुद्दल संपतं, पण जाताना व्याजासकट नवीन मुद्दल देऊन जातं. तीन-चार वर्षांनी कंद वेगळे केले की एका कुंडीच्या अनेक कुंड्या होतात. अट एकच, मधले हिवाळे झाड जगलं पाहिजे.

कुंडी भरताना

- उंच जातीला 30 सेंटीमीटर रुंदीची कुंडी, बुटक्या जातीला 15 ते 20 पुरते. खोलीपेक्षा रुंदी बघा. तळाला भोकं हवीतच.
- मिश्रण पाणी सोडणारं हवं. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट. कच्चं शेणखत आणि नायट्रोजनचा मारा टाळा, पानं माजतात आणि कंद सडतो.
- कंदाची पाठ उघडी राहील असा लावा. मुळं मातीत, पाठ उन्हात. आपल्याकडे आलं मातीत पुरतात म्हणून नवीन माणूस हाही कंद खोल पुरतो. तसं करू नका.
- रोज किमान सहा तास ऊन हवं.
- लावणी उन्हाळा सरताना, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. थंडी पडायच्या आत मुळं धरली पाहिजेत.

कुंडीला जास्त थंडी का वाजते?

हे नीट समजून घ्या, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

जमिनीतल्या झाडाला थंडी फक्त वरून लागते. खालून आणि बाजूने मातीची ऊब असते. कुंडीला थंडी चहूबाजूंनी लागते. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान असतो, कडाक्याची थंडी. अशा दिवसांत कुंडीतली माती आरपार गोठू शकते.

दुसरी गोष्ट. दुपारी ऊन लागून माती सुटते, रात्री पुन्हा गोठते. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. या रोजच्या फुगण्या-बसण्यामुळे कंद वर ढकलला जातो आणि मुळं तुटतात. मातीची कुंडी असेल तर तीही तडकते.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. दाढीवाली आयरिस थंडी चांगली सोसते, पण थंडी अधिक ओल तिला सोसत नाही. पाणी साचलं की कंद मऊ पडतो, घाण वास सुटतो, आणि कुंडी गेली म्हणून समजा.

म्हणजे आपलं काम दोन शब्दांत : कोरडं आणि स्थिर. झाडाला गरम ठेवायचं नाहीये. उलट घरात हीटरपाशी आणून ठेवलंत तर त्याला थंडीची विश्रांती मिळत नाही आणि वसंतात फूल रुसतं.

हिवाळ्याचा बंदोबस्त

1. शरद सरताना वाळकी आणि डाग पडलेली पानं काढून टाका. उरलेली पानं साधारण 15 सेंटीमीटरवर कापा. कीड आणि बुरशी जुन्या पानांवरच हिवाळा काढतात. हा कचरा नर्सरीबाहेर न्या.

2. पाणी कमी करत आणा. पावसात किंवा वितळत्या बर्फाखाली कुंड्या उघड्या ठेवू नका.

3. जागा निवडा. सगळ्यात चांगली म्हणजे न तापवलेली शेड किंवा गॅरेज, जिथे तापमान शून्याच्या आसपास ते 7 अंशांपर्यंत राहतं. झाड झोपलेलं असल्यामुळे अंधार चालतो. महिन्यातून एकदा माती बघा. अगदी खडखडीत असेल आणि गोठलेली नसेल तर घोटभर पाणी.

4. शेड नसेल तर कुंड्या जमिनीत काठापर्यंत पुरा. तेही जमत नसेल तर भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा, खाली विटा घाला म्हणजे भोकं मोकळी राहतील, आणि बाहेरून गोणपाट किंवा पेंढा गुंडाळा. गुंडाळायची कुंडी, कंद नाही. कंदावर ओला पालापाचोळा पडला की तो सडलाच.

5. वसंताची चाहूल लागली की आवरण हळूहळू काढा. एकदम उघड्यावर आणलं आणि रात्री पुन्हा पारा उतरला तर कोवळे कोंब जातात.

जे अमेरिका-कॅनडात आहेत त्यांच्यासाठी एक सोपा नियम. कुंडीसाठी जात निवडताना तुमच्या भागाच्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारी निवडा.

आता हिशेब

आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा 100 कुंड्या भरल्या. कंद, कुंडी, माती, मजुरी धरून एका कुंडीला 160 रुपये. एकूण 16,000. शरदात 40 कुंड्या 250 रुपयांनी विकल्या, हातात 10,000 आले. गल्ल्यात पैसे दिसतात म्हणून माणूस खूश. पण 60 कुंड्या उरल्यात, म्हणजे 9,600 रुपये अजून मातीत आहेत.

बंदोबस्त केला नाही आणि 30 कुंड्या मेल्या, तर वसंतात 30 कुंड्यांचे 7,500 येतील. एकूण विक्री 17,500, नफा 1,500. वर्षभराच्या मेहनतीचे.

कुंडीमागे 12 रुपये, म्हणजे 720 रुपये गोणपाट, पेंढा आणि उचलाउचलीवर घातले आणि 60 पैकी 54 कुंड्या जगल्या, तर वसंतात 13,500 येतील. एकूण विक्री 23,500, खर्च 16,720, नफा 6,780.

माल तोच, गिऱ्हाईक तेच, भावही तोच. फरक पडला 720 रुपयांनी. कॉलेजात याला वर्किंग कॅपिटल सांभाळणं म्हणतात. माझ्या दुकानात दिवाळीनंतर उरलेले आकाशकंदील आम्ही खोक्यात घालून माळ्यावर टाकतो, ते पुढच्या वर्षी तसेच निघतात. झाडाचं तसं नाही. जिवंत माल माळ्यावर टाकून विसरता येत नाही.

झोपलेला माल विकताना

प्रत्येक कुंडीला जातीचं नाव आणि रंग लिहिलेली पट्टी लावा. हिवाळ्यात सगळ्या कुंड्या सारख्याच दिसतात. निळी म्हणून पिवळी दिली तर गिऱ्हाईक परत येणार नाही. पट्टीवर पेन्सिलने लिहा, पेनची शाई उडते.

गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, हे तर मेलंय!" तेव्हा कंद दाबून दाखवा. कच्च्या बटाट्यासारखा टणक असेल तर जिवंत. मऊ असेल तर ती कुंडी आधीच बाजूला काढा, विकू नका. आणि खरं सांगा की नवीन लावलेला कंद पहिल्या वर्षी फुलेलच असं नाही. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

कंद पोटात गेला तर त्रास होतो, म्हणून घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर तेही सांगा. कापताना हातमोजे घाला. काही नव्या जातींवर तयार करणाऱ्याचे हक्क असतात, त्यामुळे कंद वाढवून विकण्याआधी पुरवठादाराला विचारून घ्या.

महाराष्ट्रात करायचं का?

स्पष्ट सांगतो, पुणे-मुंबई-नागपूरच्या हवेत दाढीवाल्या आयरिसवर पहिलं भांडवल लावू नका. तिला हवी ती थंडी इथे मिळत नाही आणि आपला पावसाळा तिचा कंद सडवतो. कुणी पाहुणा परदेशातून कंद बॅगेत घालून आणतो म्हणाला, तरी नको म्हणा. बाहेरून रोपं-कंद आणायला प्लांट क्वारंटाइनच्या 2003 च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

पण हिशेब इथेही तोच लागू होतो. आपल्याकडे निशिगंध आहे, ग्लॅडिओलस आहे. तिकडे बर्फ, इकडे पाऊस. कंद झोपलेला असताना त्याला कोरडं ठेवायचं, महिन्याला एकदा तपासायचं, सडका बाजूला काढायचा, एवढं इथेही पाळावं लागतं.

आज वहीत तीन आकडे लिहा : हंगाम संपताना किती कुंड्या उरतील, त्यात किती रुपये अडकलेत, आणि त्या सांभाळायला कुंडीमागे किती खर्च येईल. तिसरा आकडा लिहिल्याशिवाय पहिली कुंडी भरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.